ज्येष्ठांचा वर्ग तिसऱ्या आठवड्यात रोडावतो तेव्हा: या चुका टाळा

पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडतात, तिसऱ्या आठवड्यात निम्म्या रिकाम्या राहतात. आयोजक म्हणतात, "या वयात आता डोक्यात राहत नाही." येणारेही तेच म्हणतात, आणि तपास तिथेच थांबतो. वयानुसार मंदावतो तो मुख्यतः वेग: नवी माहिती पकडण्याचा, एका वेळी दोन गोष्टी सांभाळण्याचा. शब्दसंग्रह, साठवलेलं ज्ञान, अर्थ लावण्याची ताकद बहुतेकांची उतारवयातही टिकून असते. म्हणून वर्ग फसला की आधी खोली, आवाज, उजेड आणि वेळापत्रक तपासा. स्मरणशक्तीकडे सगळ्यात शेवटी वळा.

ऐकूच आलं नाही, तर कळणार कसं

सगळ्यात मोठी गळती इथे होते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत आणि ठसठशीत असतात, त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं. पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं निसटतात. शिक्षक "साठ" म्हणतात, शेवटच्या रांगेत "आठ" पोचतं. समोरचा मान डोलावतो, कारण पुन्हापुन्हा "काय म्हणालात?" विचारणं नको वाटतं.

यावर ओरडणं हा उपाय नव्हे. ओरडल्यावर जोर स्वरांवरच पडतो, आवाजाची पट्टी चढते आणि नेमकी व्यंजनं आणखी दबतात. शिवाय मोठा आवाज अशा कानांना लवकर बोचू लागतो. नेहमीच्या आवाजात, थोडं सावकाश, वाक्याच्या शेवटी श्वास घेऊन बोला. एखादं वाक्य दुसऱ्यांदाही कळलं नाही, तर तेच न घोकता शब्द बदलून सांगा. आकडे आणि नावं फळ्यावर लिहाच.

वीस जणांच्या खोलीतही माइक लावा. "मला माइक लागत नाही, माझा आवाज खणखणीत आहे," असं म्हणणारे शिक्षक हमखास भेटतात; त्यांचं ऐकू नका. श्रवणयंत्र साधारण दोन मीटरच्या आतला आवाज नीट पकडतं. त्यापलीकडे ते खोलीतला गोंगाटही तितक्याच इमानाने मोठा करतं. म्हणून यंत्र वापरणाऱ्यांना पुढच्या रांगेत जागा द्या. पंख्याची घरघर, उघड्या भिंतींचा घुमारा आणि शेजारच्या खोलीतली वर्दळ यांचा त्रास तरुण कानांना जाणवत नाही, म्हणून खोली ठरवताना एखाद्या सत्तरीतल्या व्यक्तीला सोबत घेऊन जा आणि मागच्या खुर्चीवर बसवून विचारा. जाड पडदे, जमिनीला घट्ट चिकटवलेली सतरंजी, टेबलांवर कापड, एवढ्यानेही घुमारा बराच कमी होतो.

आणखी दोन चुका नेहमीच्या. फळ्याकडे तोंड करून बोलणं ही एक. खिडकीकडे पाठ करून उभं राहणं ही दुसरी: उजेड मागून आला की चेहरा काळवंडतो आणि ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणाऱ्यांचा आधार जातो. मागच्या कुणी प्रश्न विचारला, तर उत्तराआधी तो प्रश्न माइकवरून पुन्हा सांगा. चार-चार जणांचे गट पाडले की सगळे एकदम बोलतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. गट खोलीच्या कोपऱ्यांत बसवा, नाहीतर गटचर्चा वगळा.

उजेड आणि अक्षरं

साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश उरतो. तरीही प्रोजेक्टर लावला की पहिलं काम दिवे घालवण्याचं! अंधारात वही दिसत नाही, डोळ्यांना अंधार-उजेडाशी जुळायला जास्त वेळ लागतो, आणि उठून चालणारा अडखळतो. पडद्याजवळचा एकच दिवा बंद करा, बाकीचे राहू द्या.

छापील कागदावर अक्षर १६ ते १८ पॉइंटचं, ओळींत दीडपट अंतर, आणि कागद चकचकीत नसलेला. काळी अक्षरं पांढऱ्या किंवा फिक्या पिवळसर पार्श्वभूमीवर सर्वांत सोपी. निळ्यावर जांभळी अक्षरं टाळा: डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं तसा या दोन रंगांतला फरक पुसट होतो. पडद्यावर ३० पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि एका पानावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त भरू नका. दुहेरी चष्मा असलेली व्यक्ती संगणकासमोर मान मागे टाकून बसलेली दिसली, तर पडदा खाली उतरवा; अर्ध्या तासाने दुखणारी मान हे वर्ग सोडण्याचं पुरेसं कारण असतं.

मोबाइलच्या वर्गात बोट अडतं

"मी दाबतोय पण काही होत नाही" आणि "दाबलं की भलतंच उघडतं" या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. पहिलीत बहुधा बोट कोरडं असतं. स्पर्शपडदा त्वचेतून जाणारा सूक्ष्म विद्युतप्रभाव ओळखतो. वयानुसार त्वचा कोरडी झाली की तो क्षीण होतो. टेबलावर किंचित ओलसर रुमाल ठेवा, नखाऐवजी बोटाचा मांसल भाग टेकवायला सांगा. त्यानेही भागलं नाही, तर रबरी टोकाची स्पर्शलेखणी द्या.

दुसऱ्या तक्रारीत बोट पडद्यावर रेंगाळतं. साधारण अर्धा सेकंद बोट टिकलं की फोन त्याला दाबून धरणं समजतो आणि वेगळाच मेनू उघडतो, किंवा आयकॉन जागा सोडून सरकतं. "जोरात दाबा" हा सल्ला इथे घातक ठरतो, कारण जोर लावणारं बोट जास्त वेळ टिकतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'खाली दाबून धरण्याचा अवधी वाढवता येतो; आयफोनमध्येही तिथेच स्पर्शाच्या सोयी आहेत. पहिल्या तासाला प्रत्येकाच्या फोनवर तीन गोष्टी करून घ्या: हा अवधी, अक्षरांचा आकार, आणि पडदा विझण्याची वेळ. ३० सेकंदांनी विझणारा पडदा वर्गात फार छळतो. वर्गापुरती ती पाच मिनिटं करा. अक्षरं मात्र सर्वांत मोठ्या मापावर नेऊ नका, काही अ‍ॅपमध्ये बटणं पडद्याबाहेर जातात. एक पायरी खाली थांबा.

संगणकावर डबल-क्लिक जमत नसेल तर हट्ट सोडा. दोन क्लिकच्या मध्ये माउस हलतो, एवढीच अडचण असते. एकदा क्लिक करून एंटर दाबलं की काम होतं.

मदतनीस दर चार जणांमागे एक हवा, आणि त्याला एकच नियम: समोरच्याच्या फोनला हात लावायचा नाही. मदतनीसाचं बोट फिरलं की काम होतं, शिकणं होत नाही, आणि घरी गेल्यावर तीच अडचण पुन्हा उभी राहते. पासवर्ड, ओटीपी, पिन यांपैकी काहीही मदतनीसाने टाइप करायचं नाही, मोठ्याने वाचायचं नाही. बँकेचे खरे व्यवहार वर्गात शिकवू नका. पडद्यांची छायाचित्रं दाखवून सराव घ्या.

एकाच तासात तीन मार्ग

उत्साही शिक्षक एकच काम तीन पद्धतींनी दाखवतात: फोटो इथूनही पाठवता येतो, तिथूनही, आणि असाही. ऐकणाऱ्याच्या मनात तिन्हींची सरमिसळ होते आणि घरी एकही आठवत नाही. एक मार्ग निवडा, तोच पक्का होईपर्यंत बाकीच्यांचा उच्चारही नको.

पायऱ्यांचा कागद वर्गाआधी वाटा. बघणं आणि लिहून घेणं एकाच वेळी जड जातं. कागदावर एका ओळीत एकच कृती. पुढच्या वेळी पहिली दहा मिनिटं तो कागद पालथा ठेवून मागचं काम करून बघायला सांगा. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढण्याने जास्त टिकतं, आणि कुठे अडलं तेही उघड होतं. मोबाइलसारख्या हाताच्या कौशल्याला आठवड्याचं अंतर फार मोठं पडतं. दोन तासांच्या एका वर्गाऐवजी तासाचे दोन वर्ग बरे. इतिहास, संगीत, वाचन यांना आठवडा चालतो.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देणारा शिक्षक वर्गाला गप्प राहायला शिकवतो.

वेळ, खुर्ची, स्वच्छतागृह

सकाळी उशिराची वेळ बहुतेकांना मानवते. दुपारच्या जेवणानंतरची नाही. पण रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचं प्रमाण वाढवतात आणि त्या सकाळीच घेतल्या जातात, म्हणून ४५ मिनिटांनी १५ मिनिटांची सुट्टी हवी आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवं. मधुमेहींना जेवणाची वेळ टळणं धोक्याचं, तेव्हा वर्ग लांबवू नका. खुर्चीला हात असावेत, चाकं नसावीत, बैठक जमिनीपासून ४५ सेंटीमीटरच्या आसपास असावी. वायरी चालण्याच्या वाटेवर नकोत.

विषय आयोजकांनीच ठरवणं

ज्येष्ठ म्हणजे आरोग्य, अध्यात्म आणि मोबाइल, हे समीकरण आळशीपणाचं आहे. फ्रान्समधल्या तुलूझमध्ये १९७३ साली ज्येष्ठांसाठीचं पहिलं 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' सुरू झालं. पुढे ब्रिटनमध्ये हीच कल्पना वेगळ्या रूपात रुजली: तिथे सभासदच एकमेकांना शिकवतात. निवृत्त अभियंता, शिवणकाम जाणणारी, हवामानाच्या नोंदी ठेवणारी माणसं तुमच्या समोरच बसलेली असतात. "काय शिकायला आवडेल?" असं मोकळं विचारलं की "काहीही चालेल" एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा दहा विषयांची यादी द्या, तीनवर खूण करायला सांगा, आणि खाली एक ओळ ठेवा: यातलं मी काय शिकवू शकेन?

लाडिक सूर टाळा. "अरे वा, जमलं की आजींना!" हे कौतुक ऐकणाऱ्याला लहान करतं. कुणाला काका-मावशी म्हटलेलं आवडतं, कुणाला आडनावाने. पहिल्या दिवशी विचारून नावाच्या पट्टीवर तसंच, मोठ्या अक्षरात लिहा. नवरा-बायको एकत्र आले असतील तर शेजारी बसवू नका, नाहीतर एकाचा फोन दुसराच चालवतो.

चर्चेत एकच जण बोलत राहिला, तर त्याला तोडण्यापेक्षा पद्धत बदला: प्रत्येकाला दोन मिनिटं, क्रमाने, घड्याळ टेबलावर. ज्याला बोलायचं नाही त्याने "पुढे" म्हणावं.

गैरहजेरीनंतर

दवाखाना, नातवंडं, घरातलं दुःख; दोन वर्ग बुडण्याची कारणं या वयात भरपूर. दोन बुडाले की "आता मागे पडलो" या संकोचाने तिसरा बुडतो, आणि मग माणूस येतच नाही. म्हणून प्रत्येक वर्ग शक्यतो स्वतंत्रपणे समजेल असा आखा. पहिल्या गैरहजेरीनंतर दोन दिवसांत फोन करा, तोही शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याकडून. "का आला नाहीत?" हे विचारू नये. काय झालं वर्गात ते दोन वाक्यांत सांगावं, कागद राखून ठेवलाय हे सांगावं, आणि पुढच्या वेळी दहा मिनिटं आधी आलात तर राहिलेलं दाखवतो, असं सुचवावं.