एका नावाचे चार ग्रीक: कोण कुठला ते कसं ओळखायचं

ग्रीक पुराणकथांत एकाच नावाची चार माणसं भेटली की प्रत्येक जण एकच सल्ला देतो, बापाचं नाव बघ, झालं काम. अरे पण बापाचं नाव दिलेलंच नसेल तर? किंवा नुसतं बापाचंच दिलंय आणि मुलाचं गायब, असं असेल तर? हा सल्ला देणाऱ्यांनी इलियड, म्हणजे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, एकदा तरी पेन हातात घेऊन वाचलंय का अशी मला दाट शंका आहे.

वही घ्या नाहीतर एक्सेल उघडा. पाच रकाने: नाव, बाप, गाव, कोणी मारलं, कुठल्या सर्गात. स्पेलिंग एकच धरा, ग्लॉकस की ग्लाउकोस ते आत्ताच ठरवा, नाहीतर एकाच माणसाची दोन पानं होतात.

आधी सोपे उरकून टाका. एजॅक्स दोन, टेलॅमॉनचा धिप्पाड आणि ओइलियसचा लोक्रिसवाला, विषय संपला. ग्लॉकसही फार त्रास देत नाही: एक समुद्रातला देव, एक मिनोसचा पोरगा जो मधाच्या रांजणात पडून मेला आणि नंतर जिवंत झाला, एक सिसिफसचा मुलगा, आणि एक ट्रॉयच्या बाजूने लढणारा लिशियाचा. हा शेवटचा त्या सिसिफसवाल्याचा पणतू, म्हणजे पणजोबांचं नाव पणतूला, आपल्याकडे ठेवतात तसंच. आणि तो स्वतःच सहाव्या सर्गात भर रणांगणात ग्रीकांकडच्या डायोमिडीसला सगळी वंशावळ ऐकवतो (आणि मग नऊ बैलांच्या किमतीच्या चिलखतासाठी आपलं शंभर बैलांचं सोन्याचं देऊन बसतो, पण ते असो).

आता खरी डोकेदुखी, म्हणजे जे दोन ओळींत येतात आणि मरतात ते. माझ्या वहीत अ‍ॅड्रास्टसचं एकच पान होतं आणि त्या पानावर तो तीनदा मेला होता. सहाव्या सर्गात त्याचे घोडे झाऊच्या झुडपात अडकतात, ग्रीकांकडचा मेनेलाऊस त्याला जिवंत सोडायच्या बेतात असतो आणि मेनेलाऊसचाच भाऊ अ‍ॅगामेम्नॉन येऊन भाला खुपसतो. सोळाव्यात ग्रीकांकडचा पॅट्रोक्लस ज्यांना मारतो त्या यादीत पहिलंच नाव अ‍ॅड्रास्टस. मग तिसरं मरण कुठलं? दुसऱ्या सर्गात, सैन्याच्या यादीत, पर्कोटे गावच्या मेरॉप्सचे दोन मुलगे येतात, अ‍ॅड्रास्टस आणि अँफियस, बाप भविष्य जाणणारा, तो म्हणतो युद्धाला जाऊ नका, पोरं ऐकत नाहीत. अकराव्यात डायोमिडीस त्यांना मारतो, पण तिथे पोरांची नावंच नाहीत, नुसतं 'मेरॉप्सचे दोन मुलगे'. म्हणजे तुम्ही 'अ‍ॅड्रास्टस' टाकून सर्च मारलात तर हे मरण सापडणारच नाही. त्यामुळे माझा नियम: नावाने शोधून झालं की बापाच्या नावाने परत शोधायचं, कंटाळा आला तरी.

आणि हे तिघं ट्रॉयकडचे बरं का. अर्गॉसचा राजा अ‍ॅड्रास्टस, थीब्झ शहरावर सात सरदार घेऊन चाल करून गेलेला, तो चौथा आणि आधीच्या पिढीतला. तो डायोमिडीसच्या आईचा बाप. म्हणजे डायोमिडीसने आजोबांच्याच नावाचा माणूस मारला. इथे मी मोठी मोठी अनुमानं काढली होती, सगळी खोडली. नाव जुळलं एवढ्यावर नातं जुळवू नका.

गावावरही विसंबू नका. त्याच अँफियसचं बघा. पाचव्या सर्गात टेलॅमॉनचा एजॅक्स एका अँफियसला मारतो, तो सेलागसचा मुलगा, राहणार पायसस. आणि दुसऱ्या सर्गात मेरॉप्सच्या पोरांच्या हाताखालच्या गावांत अपायसस आहे, जे बहुतेक तेच गाव. नाव तेच, गाव जवळपास तेच, पण बाप वेगळा आणि मारणारा वेगळा. मी दोन पानं करतो. बाप आणि मरण हे दोन्ही रकाने जुळले तरच एक माणूस, एकच जुळला तर पेन्सिलने प्रश्नचिन्ह आणि पुढे चला.

फक्त एक जण या नियमात बसत नाही. ट्रॉयच्या बाजूने लढणारा, पॅफ्लॅगोनियाचा पायलेमेनीस. पाचव्या सर्गात मेनेलाऊस त्याला गळपट्टीच्या हाडावर भाला मारून संपवतो, आणि तेराव्यात त्याचा मुलगा हार्पेलियन मेल्यावर हाच बाप प्रेतामागे रडत चाललेला दिसतो. दोन पायलेमेनीस होते असं म्हणून सुटका करून घेणारे पूर्वीही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही, दोन्हीकडे तो पॅफ्लॅगोनियन लोकांचाच, होमर विसरला असणार. त्याचं पान मी एकच ठेवलंय, 'कोणी मारलं'मध्ये मेनेलाऊस, सर्ग ५, आणि खाली बारीक अक्षरात: सर्ग १३, मुलाच्या अंत्ययात्रेत हजर.