चेरी श्रिंपचा रंग: ब्रीडिंग सुरू करणाऱ्यांसाठी फोंड्याहून काही अनुभव

घरी श्रिंप, म्हणजे काचेच्या टाकीत पाळायची शोभेची छोटी कोळंबी, वाढवून दुकानांना विकायचे, असा बेत असलेली कॉलेजची मुलं फोंडा, म्हापसा, मडगाव भागात आता बरीच भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिवा कुठला घेऊ आणि तळाला काय घालू? मी उलट विचारतो, टाकी श्रिंप दाखवण्यासाठी हवी की जोड्या निवडण्यासाठी? दाखवण्याच्या टाकीत रंग खुलला पाहिजे. निवडीच्या टाकीत तो खुलवला, तर फसगत आपलीच होते.

चेरी श्रिंपचं शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. पूर्व आशियातल्या गोड्या पाण्यातली ही जात मुळात मातकट, जवळजवळ पारदर्शक. लाल, पिवळी, निळी रूपं माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढली. कवचाखालच्या त्वचेत रंगपेशी असतात. त्यातले रंगकण पेशीभर पसरले की श्रिंप गडद दिसतो, मध्यभागी गोळा झाले की फिका. ही हालचाल संप्रेरकांवर चालते आणि त्यांचं मुख्य ठाणं असतं डोळ्यांच्या देठात. कवचधारी प्राणी वरून येणारा उजेड आणि तळावरून उसळून येणारा उजेड यांचं प्रमाण डोळ्यांनी जोखतात. लख्ख दिव्याखाली पांढरी वाळू असेल तर खालूनही भरपूर उजेड येतो आणि श्रिंप फिका पडतो. तोच दिवा काळ्या खडीवर लावा, श्रिंप गडद होतो. म्हणून दिवा आणि तळ यांचा वेगवेगळा विचार करू नका. रंग उठत नाही म्हणून जास्त वॅटचा दिवा आणणाऱ्याला मी आधी टाकीखाली काय आहे ते बघायला सांगतो. तळ उघडा असेल आणि टाकी पांढऱ्या सनमायकावर ठेवली असेल, तर काचेखाली आणि मागे काळा कागद लावून बघा. खर्च नगण्य, फरक लवकर दिसतो.

हा झाला झटपट बदल. दुसरा बदल सावकाश होतो, तो रंगद्रव्याच्या साठ्याचा. लाल रंगाचं मूळ अ‍ॅस्टाझॅन्थिन, कॅरोटिनॉइड गटातलं. श्रिंप कॅरोटिनॉइड शून्यातून बनवू शकत नाही. शेवाळ, बायोफिल्म (सूक्ष्मजीवांचा पातळ बुळबुळीत थर) आणि खाद्यातून ते मिळवावं लागतं. आपल्या हुमणात (कालवणात) पडलेलं सुंगट, म्हणजे कोळंबी, तांबूस होतं, त्यामागेही हेच द्रव्य आहे. जिवंतपणी ते प्रथिनाला बांधलेलं असल्यामुळे निळसर-करडं दिसतं, उष्णतेनं प्रथिन मोडलं की खरा रंग बाहेर येतो. ऑस्ट्रेलियात वाघ कोळंबी पांढऱ्या आणि काळ्या तळावर ठेवून पाहिली, तेव्हा काळ्या तळावरची कोळंबी शिजवल्यावरही जास्त लाल निघाली. तळाचा परिणाम नुसत्या नजरेपुरता नाही, हे त्यातून कळतं.

दिव्याचं दुसरं काम शेवाळ वाढवण्याचं. रोज ७-८ तास पुरेसे आहेत. रंग पारखायचा असेल तर ६५०० केल्विनच्या आसपासचा, चांगल्या सीआरआयचा (म्हणजे वस्तूंचे खरे रंग दाखवणारा) पांढरा एलईडी वापरा. आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या) दिव्याखाली मध्यम प्रतीचा लालही रसरशीत दिसतो. अशा दिव्याखाली काढलेल्या फोटोवरून मी ब्रीडिंगसाठी श्रिंप कधीच घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

तळाचा संबंध पाण्याशीही आहे आणि गोव्यात तो नीट समजून घ्यायला हवा. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. त्यात पीएच उतरवणारी अ‍ॅक्वासॉइल घातली तर क्रिस्टल श्रिंपसारख्या कॅरिडिना या दुसऱ्या गटाला ते मानवतं, चेरीला मात्र क्षार कमी पडतात आणि कात टाकताना श्रिंप अडकून मरतात. चेरीसाठी पाण्यात न विरघळणारी काळी खडी घ्या आणि श्रिंपसाठी मिळणारे क्षार घालून जीएच (पाण्याचा जडपणा) ६ ते ८ ठेवा. किनाऱ्यावरची वाळू आणू नका. तिच्यातले शिंपल्यांचे तुकडे पाणी जड करतात, शिवाय तळ उजळ होतो तो वेगळाच.

देशी बदामाची वाळलेली पानं टाकीत जरूर घाला. त्यांच्यावर बायोफिल्म छान धरते आणि पाण्याला येणारी तपकिरी छटा उजेड मवाळ करते. पण कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) पानं आणि तिथल्या उघड्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात टाळा. कोळेरोग येऊ नये म्हणून पोफळींवर बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतो आणि तांबं श्रिंपला मारक. रंग जायच्या आधी जीवच जातो. एप्रिल-मे मध्ये पाणी ३० अंशांवर गेलं तर पाण्यावर पंखा लावा आणि दिव्याची वेळ आणखी कमी करा.

आता निवड, कारण धंदा तिच्यावरच उभा आहे. निवडीच्या टाकीत मी करडा तळ ठेवतो आणि दिवा नेहमी तोच. दिवा लागल्या लागल्या पारख करत नाही, तासभर जाऊ देतो. नुकती कात टाकलेले श्रिंप त्या दिवशी बाजूला. माद्यांची तुलना माद्यांशीच करायची, कारण नर निसर्गतःच फिके असतात. मग निवडलेल्यांना टाकीच्याच पाण्यासकट पांढऱ्या डब्यात थोडा वेळ ठेवायचं. पांढऱ्यावरही ज्यांचा रंग दाट राहतो, पायांपर्यंत उतरलेला दिसतो आणि पाठीतून आरपार दिसत नाही, ते पुढच्या पिढीसाठी. काळ्या खडीवर उठून दिसणारे पण डब्यात पारदर्शक होणारे श्रिंप स्वस्तात विकावेत. वही ठेवा: तळ, दिवा, खाद्य आणि कुठल्या मादीची पिल्लं. ती नसेल तर चार पिढ्यांनी रंग सुधारला तो रक्तामुळे की खडीमुळे, हे सांगता येणार नाही.

विकताना मी गिऱ्हाइकाला आधी त्याच्या टाकीचा तळ विचारतो. पांढरी वाळू म्हणाला, तर श्रिंप पांढऱ्या डब्यातच दाखवतो आणि भाव तिथे दिसणाऱ्या रंगाचा घेतो. प्रवासानंतर नव्या टाकीत ते आणखी फिके दिसतील, निदान आठवडाभर वाट बघा, हेही पिशवी हातात देतानाच सांगून ठेवतो.