हंगामाआधी वेबसाइटची शाकारणी

पाऊस ओसरला की मालवण-तारकर्लीत होमस्टेंची रंगरंगोटी सुरू होते. दिवाळीचं बुकिंग वेबसाइटवरून येतं, तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. गणपती झाले की एक दुपार तिच्यासाठी राखून ठेवाच.

आधी फाइल्स आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप घेऊन तो घरच्या कॉम्प्युटरवर उतरवा. मग प्लगइनची, म्हणजे साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची, यादी उघडा. वापरात नसलेली नुसती बंद करू नका, काढूनच टाका. उरलेली अपडेट करा. तुमची साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर असेल, तर त्यात २०२० पासून, म्हणजे ५.५ आवृत्तीपासून, प्लगइन आपोआप अपडेट व्हायची सोय आहे. फॉर्म, अभिप्राय आणि बुकिंगच्या प्लगइनना ती आधी लावा.

फॉर्मवर एवढा जोर का, तर देवगडच्या एका बागायतदार काकांची साइट मी डोळ्यांनी पाहिली. अभिप्रायात कुणीतरी हापूसचं कौतुक लिहिलं होतं आणि त्यातच जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी आज्ञावली, दडवली होती. प्लगइनने ती न तपासता डेटाबेसात साठवली. काकांनी अभिप्राय मंजूर करायला उघडला, तशी ती त्यांच्याच ब्राउझरमध्ये, त्यांच्याच लॉगिनच्या जोरावर चालली आणि नवा अ‍ॅडमिन, म्हणजे साइटचे सगळे अधिकार असलेलं खातं, तयार झाला. पासवर्ड कुणी चोरलाच नव्हता! ऐन एप्रिलात पेटी मागवायला आलेली गिऱ्हाइकं भलत्याच साइटवर जाऊ लागली. स्टोअर्ड क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात ते हेच.

म्हणून ही चाचणी चुकवू नका. आपल्याच बुकिंग फॉर्ममध्ये नावाच्या जागी एचटीएमएलचा (वेबपानाच्या भाषेचा) बोल्ड टॅग लावून, म्हणजे <b>नाव</b> असं, स्वतःचं नाव पाठवा आणि अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करून ती नोंद उघडा. टॅगचे कंस अक्षरांसारखे जसेच्या तसे दिसले तर बरं. नाव ठळक झालं, तर ते प्लगइन टॅग जसाच्या तसा ब्राउझरला देतंय. डेव्हलपरला लगेच कळवा. चाचणी पार पडली तरी अपडेट टाळू नका, कारण एका रकान्यावरून बाकीचे कळत नाहीत.

वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी अ‍ॅडमिन आहे का बघा. बुकिंग सांभाळणाऱ्या भाच्याला अ‍ॅडमिन करू नका, त्याला लागतील तेवढेच अधिकार द्या. डॅशबोर्डमधून, म्हणजे लॉगिननंतरच्या पानावरून, साइटच्या फाइल्स बदलायची सोयही बंद करून घ्या.

आणि काही सापडलंच, तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. अनोळखी खातं उडवा, सगळीकडून लॉगआउट करा, प्लगइन दुरुस्त करा आणि ती नोंद न उघडता थेट डेटाबेसातून काढायला सांगा. ती तिथे राहिली, तर पुढच्या वेळी उघडताच पुन्हा चालेल.