सॉफ्टबॉलची बॅट चालेल की नाही, अंपायर कसं ठरवतात

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, मैदानावर अंपायरकडे लॅब नसते. बॅट बॉलला किती स्पीड देते हे तो मोजत बसत नाही, ते काम बॅट बाजारात येण्याआधीच झालेलं असतं. त्याच्याकडे असतात स्वतःचे डोळे, हात, कान, बॅटची जाडी तपासायची एक रिंग आणि मनाई असलेल्या बॅटींची यादी. आणि एवढ्यावर बरंच काही पकडता येतं, फक्त घाई करायची नाही.

सुरुवात स्टॅम्पपासून. यूएसए सॉफ्टबॉल या अमेरिकेतल्या संस्थेच्या नियमांनी मॅच असेल तर बॅटवर त्यांचा सर्टिफिकेशन मार्क लागतो. ही संस्था २०१७ पर्यंत एएसए नावाने होती, त्यामुळे जुन्या बॅटींवर एएसए २००० किंवा एएसए २००४ असा शिक्का दिसेल, गोंधळून जाऊ नका. यूएसएसएसए या अमेरिकेतल्याच दुसऱ्या संस्थेचा मार्क वेगळा, आणि इंटरनॅशनल मॅचला डब्ल्यूबीएससी या जागतिक संघटनेची मान्य बॅटींची स्वतःची यादी असते. म्हणजे एका स्पर्धेत बिनधास्त चालणारी बॅट दुसऱ्या स्पर्धेत बाद होऊ शकते, त्यात प्लेअरची काहीच लबाडी नसते, म्हणून बॅट हातात घेण्याआधी मॅच कुठल्या नियमांनी चाललीय ते विचारून घ्या.

पण नुसता मार्क बघून बॅट पास करू नका, इथेच खूप जण फसतात. मार्क असूनही काही मॉडेल नंतर नॉन-अप्रूव्हड, म्हणजे मनाईच्या यादीत गेलेली असतात. त्यामुळे मॉडेलचं नाव आणि नंबर वाचायचा आणि यादीशी ताडून बघायचा, यादी बदलत राहते तेव्हा ताजी यादी मोबाईलवर उघडूनच मैदानावर जा.

माप: लांबी जास्तीत जास्त ३४ इंच, वजन ३८ औंस, म्हणजे एक किलोच्या थोडं वर. यात सहसा काही अडत नाही, बॅटवर छापलेलंच असतं. बॅरलची, म्हणजे बॉल मारायच्या जाड भागाची जाडी मात्र रिंगनेच बघायची. मर्यादा २.२५ इंच, खेळून खेळून फुगण्यासाठी अगदी थोडी सूट असते आणि ती रिंगमध्येच धरलेली असते. रिंग टोकाकडून घालायची आणि हँडलपर्यंत आणायची, जोर न लावता सरकली पाहिजे. मध्येच अडकली की बॅट बाजूला. प्लेअर म्हणेल की थोडं ढकला, जाईल, तर अजिबात ढकलायचं नाही.

आता खरा वेळ द्यायचा तो टोकाच्या झाकणाला, म्हणजे एंड कॅपला. बॅट आतून कोरून भिंत पातळ करायची असेल तर आत जायचा सगळ्यात सोपा रस्ता तोच आहे. अंगठ्याने कॅप दाबा, फिरवून बघा, हलते का. मग कडेने नजर फिरवा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यासारखे ओरखडे आहेत का, ताजा गोंद बाहेर आलाय का, बॅट दोन सीझन वापरलेली आणि कॅप मात्र कोरी करकरीत असं काही दिसतंय का. मग बॅट कानाजवळ धरून हलवा. आत काही खडखडलं तर ती बॅट त्या दिवशी खेळणार नाही, आतला गोंदाचा तुकडा आपोआप सुटलेला असला तरी नाही, कारण आत नक्की काय खडखडतंय ते तुम्हाला बाहेरून कळू शकत नाही.

बॅरलवरून हात फिरवताना बोटांवर विश्वास ठेवा. खड्डे, टोकदार उचललेली कड, तडा यातलं काहीही असेल तर बॅट बाद. कंपोझिट (धातूऐवजी फायबरच्या) बॅटच्या रंगावर बारीक रेघांचं जाळं दिसतं, ते दर वेळी तडाच असतो असं नाही, म्हणून नख आडवं ओढून बघा. नख अडकलं तर तडा धरायचा. दोन हातांनी बॅरल हळू पिळून बघा, आतून कट्कट् आवाज आला तरी तेच.

हँडलला ग्रिप किमान १० इंच हवी आणि खालच्या टोकापासून १५ इंचांच्या वर जायला नको, गुळगुळीत प्लास्टिकची टेप चालत नाही. नॉब, म्हणजे हँडलच्या खालच्या टोकाचा गोळा, किमान पाव इंच बाहेर आलेला आणि घट्ट पाहिजे. जुनी ग्रिप काढून नवीन नियमातली ग्रिप लावली तर ती छेडछाड नाही, पण हँडलला शंकूसारखा जोड लावला तर आहे. घाम येऊन बॅट सटकून कुणाच्या तोंडावर जाऊ नये म्हणून हा नियम आहे, त्यामुळे ग्रिप फाटलेली असेल तरी प्रेमाने सांगा की बदलून आण, मग घेऊन ये.

आता जे दिसत नाही त्याबद्दल. आतून कोरलेली किंवा रोलरमध्ये दाबून मऊ केलेली बॅट, काम सफाईदार असेल तर बाहेरून साफ दिसते. भिंत मऊ झाली की बॉल लागल्यावर ती ट्रॅम्पोलिनसारखी दबते आणि बॉल जास्त वेगाने परत जातो. म्हणून मोठ्या स्पर्धांमध्ये कॉम्प्रेशन टेस्टर ठेवतात, त्यात बॅरल ठराविक अंतर दाबायला किती जोर लागतो ते मोजतात, मग बॅट ९० अंश फिरवून पुन्हा मोजतात. आकडा मर्यादेखाली आला की बॅट आत जात नाही.

आणि हे सगळं का, तर पिचरसाठी, म्हणजे बॅटरला बॉल टाकणाऱ्या प्लेअरसाठी. एएसए २००४ च्या टेस्टमध्ये बॅटवरून सुटणाऱ्या बॉलच्या स्पीडची मर्यादा ताशी ९८ मैल ठेवली होती. महिलांच्या फास्टपिचमध्ये (वेगाने बॉल टाकायच्या प्रकारात) पिचर ४३ फुटांवर, म्हणजे या स्पीडने बॉल तिच्यापर्यंत पोचायला साधारण ०.३ सेकंद लागतो, आणि पिच टाकल्यावर ती पुढे आलेली असते त्यामुळे खरं तर त्याहून कमी. छेडलेली बॅट यातलाच वेळ खाते. मला वाटतं प्रत्येक टीमच्या कोचने हे गणित मुलांना एकदा तरी करून दाखवावं.

मॅच सुरू झाल्यावर काय? प्रत्येक बॅटर बॉक्सकडे, म्हणजे बॅटिंगच्या चौकटीकडे येताना बॅटवर नजर टाकायची सवय ठेवा. यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांत बॅटर इलीगल बॅट घेऊन बॉक्समध्ये आला तर तो आउट, आणि बॅट छेडलेली निघाली तर आउट आणि शिवाय मॅचमधून बाहेर. बॉल मारून झाल्यावर कळलं तर पुढचा पिच पडायच्या आत ते समोर आलं पाहिजे, मग रनर मागे आपापल्या बेसवर येतात.

बोलताना आरोप करू नका. मॅचआधी शंका आली तर बॅट कोचच्या हातात द्या, म्हणा ही आज बॅगेत ठेवा, आणि पार्टनर अंपायरला मॉडेल आणि रंग सांगून ठेवा म्हणजे तीच बॅट चौथ्या इनिंगला परत आली तर दोघांपैकी एकाला तरी ओळखू येईल. कॅप स्वतः उघडून बघायच्या भानगडीत पडू नका, बॅट प्लेअरची आहे आणि उघडलीत की मग आधी कुणी काय केलं होतं हे सांगताच येणार नाही.