ओनर न सांगता घरात येतो? मग हे करा

पहिलं काम म्हणजे लीव्ह अँड लायसन्सचं अ‍ॅग्रीमेंट काढा, जे सही केल्यापासून कुणी उघडलेलं नसतं, आणि त्यात पाहणीबद्दल काय लिहिलंय ते बघा. काहीच नसेल तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २८ आहेच, मालक घर बघायला येऊ शकतो पण आधी नोटीस देऊन आणि वाजवी वेळेला. अकरा महिन्यांच्या लायसन्सवाल्यांनाही हे लागू आहे. म्हणजे "माझं घर, केव्हाही येईन" चालत नाही, आणि "भाडं भरतोय, दारात उभं करणार नाही" हेपण नाही.

गोची अशी की किती तास आधी सांगायचं ते कलमात नाहीये. केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमध्ये २४ तास आहेत पण तो नुसता नमुना, राज्याने स्वीकारला तरच लागू, त्यामुळे तो काढून वाद घालू नका. त्यापेक्षा करार रिन्यू करताना "किमान २४ तास आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून" ही ओळ ड्राफ्टमध्येच टाकून घ्या, रजिस्ट्रेशनच्या आधी, कारण एकदा ब्रोकरेज मिळालं की एजंट फोन उचलत नाही.

आत्ताच त्रास होत असेल तर फोनवर भांडू नका, मेसेज टाका. "काका, काल आम्ही नसताना तुम्ही येऊन गेलात. पुढच्या वेळी आदल्या दिवशी सांगा ना, मी घरी थांबते." बास. तारखेसकट लेखी राहतं आणि संबंधही बिघडत नाहीत, शेवटी डिपॉझिट त्यांच्याकडेच आहे 😀

खरी कटकट शेवटच्या महिन्यात, एजंट रोज नवीन पार्टी घेऊन दारात हजर. तुम्हीच वेळ ठरवून द्या, शनिवार-रविवार ११ ते १ वगैरे, आणि डुप्लिकेट चावी एजंट किंवा वॉचमनकडे ठेवायला सरळ नाही म्हणा. परस्पर कुलूप मात्र बदलू नका, आधी अ‍ॅग्रीमेंट बघा.

पाइप फुटून खालच्यांकडे पाणी गळतंय किंवा गॅसचा वास येतोय, तर नोटीस मागत बसायचं नाही, दार उघडायचं.

तरी ऐकत नसेल तर वकिलाची नोटीस, धमकी-दमदाटी असेल तर ११२. आणि राग काढायला पाणी किंवा लाइट तोडली तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली भाडेकरूला कोर्टात अर्ज करून परत सुरू करून घेता येते, लायसन्सवाल्यांनी मात्र हे आपल्याला लागू होतं का ते आधी वकिलाला विचारा.