घरचा कॉम्प्युटर: दुकानात काय विचारायचं, राउटर कुठे ठेवायचा आणि भोंगा वाजला तर काय करायचं

आमच्या नात्यागोत्यात कुणाला लॅपटॉप घ्यायचा असला की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला: "आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला: "त्यावर करणार काय?" याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. मावशीकडे होतं. "सोसायटीचे हिशेब, नातवाचा ऑनलाइन क्लास आणि बिलं भरणं. मी काय त्यावर रॉकेट उडवणार आहे?"

तिच्यासाठी जे केलं, तेच इथे क्रमाने लिहितो. व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड किंवा गेमिंग करणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी पुढचा भाग सोडून थेट नेटपासून वाचलं तरी चालेल.

पायरी १: खोक्यावरचं लेबल वाचायला शिका

दुकानदार सांगतो ते प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, नाव असतं, खरी माहिती नावापुढच्या आकड्यात असते. इंटेलच्या 'आय-थ्री १२१५यू'मधले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी पिढी. 'आय-सेव्हन ७५००यू' म्हणजे सातवी. या सातव्या पिढीच्या आय-सेव्हनमध्ये दोनच कोअर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग) आहेत, बाराव्या पिढीच्या त्या आय-थ्रीमध्ये सहा. तरीही जुन्या बाजारात आय-सेव्हनचं स्टिकर दाखवून जास्त पैसे घेतले जातात आणि लोक आनंदाने देतात.

एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या ७००० मालिकेत तर एका आकड्याचा खेळ आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू दिसायला जुळी भावंडं. पण इथे तिसरा आकडा बघायचा: २ असेल तर आतली रचना २०१९ सालची, ३ असेल तर २०२० सालची. किमतीत थोडाच फरक असेल तर ३ वाला घ्या.

प्रोसेसरपेक्षा रोजच्या वापरात जाणवते ती रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) आणि डिस्क (फाइली साठवायची जागा). रॅम ८ जीबी ही खालची मर्यादा धरा. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर १६ घ्या. "नंतर वाढवता येते" यावर विश्वास ठेवण्याआधी "स्लॉट मोकळा आहे का?" हे विचारा, कारण बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, ती जन्मभर तेवढीच राहते. डिस्क एसएसडीच हवी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान, ५१२ जीबी पुरते. मोठी हार्ड डिस्क दाखवून जुना स्टॉक गळ्यात मारत असतील तर सरळ पुढच्या दुकानात जा.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक तारीख: १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर त्याच्या यादीत जवळजवळ नाहीतच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भाडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचाराल तर सांगणारा आधी विचारात पडेल) किंवा तुमच्या शहरातल्या दुकानात स्वस्त मशीन दिसलं, तर आधी ही पिढी बघा. 'विंडोज ११ टाकून दिलंय' म्हणाले तरी बघा, कारण आडवाटेने टाकलेल्या विंडोजला पुढचे अपडेट मिळतीलच असं नाही.

पायरी २: दुकानात दहा मिनिटं बसा

लॅपटॉप चालू करून मागायचा. पडदा हळूहळू मागे झुकवा. रंग उलटेपालटे दिसू लागले, चेहरा निगेटिव्हसारखा झाला, तर पडद्याचं पॅनेल हलक्या प्रतीचं आहे. वर्ड किंवा नोटपॅड उघडून चार ओळी टाइप करा. मावशीने 'श्री गणेशाय नमः' इंग्रजी अक्षरांत टाइप केलं आणि "स्पेसबार दाबला जात नाही नीट" म्हणून एक मॉडेल तिथल्या तिथे बाद केलं. मी तीन दिवस वाचलेल्या रिव्ह्यूंत त्या स्पेसबारचा उल्लेख नव्हता.

बिलावरचा सिरियल नंबर आणि मशीनच्या पोटावरचा नंबर जुळवून घ्या. वॉरंटी 'ऑनसाइट' आहे का, म्हणजे माणूस घरी येतो का, हे विचारा. तालुक्याच्या गावी राहत असाल तर याला फार किंमत आहे, नाहीतर मशीन पोतडीत घालून एसटीने जिल्ह्याला जावं लागतं.

पायरी ३: पहिली संध्याकाळ

सगळे अपडेट होऊ द्या, तासभर लागला तरी चालेल. सोबत आलेला महिनाभराचा ट्रायल अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजमधला डिफेंडर घरगुती कामाला पुरेसा आहे आणि तो "आजच पैसे भरा" म्हणून मागे लागत नाही.

आता या लेखातलं सगळ्यात कमी लोक करतात ते काम. नव्या विंडोज ११ मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केलं की बहुतेक वेळा डिस्क आपोआप कुलूपबंद, म्हणजे एनक्रिप्ट होते. त्याची ४८ आकडी किल्ली त्याच खात्यात जमा असते. उद्या दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला आणि मशीनने किल्ली मागितली, तर खातं उघडता आलं पाहिजे. दुकानातल्या मुलाने त्याच्याच ईमेलवर खातं बनवून दिलं असेल तर तुमचे फोटो त्या मुलाच्या मर्जीवर. म्हणून खातं स्वतःच्या ईमेलवर, स्वतः बसून बनवा आणि पासवर्ड वहीत लिहा. हो, वहीत. ती वही घरच्या कपाटात आहे, तिकडे परदेशातला हॅकर पोचत नाही.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यायचं नाही. सेटिंग्जमधल्या भाषेच्या पानावर मराठी जोडा, त्यात फोनेटिक कीबोर्ड निवडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते.

पायरी ४: नेट

कंपनीच्या जाहिराती वाचू नका, शेजारी विचारा. "पावसाळ्यात किती वेळा जातं, आणि तक्रार केली की माणूस कधी येतो?" या दोन उत्तरांवर निर्णय घ्या. माझ्या मते गावात फोन उचलणारा स्थानिक केबलवाला लांबच्या कॉल सेंटरपेक्षा बरा.

वेगाचं गणित सोपं आहे. १०० एमबीपीएसमधलं 'बी' म्हणजे बिट. फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात, म्हणून ८ ने भागा: सेकंदाला साडेबारा एमबी. एका एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतात, चौघांच्या घराला १०० एमबीपीएस भरपूर झाले. 'अनलिमिटेड' प्लॅनलाही मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी महिन्याला ३३०० जीबी. एचडी व्हिडिओला तासाला साधारण ३ जीबी धरले, तर एक टीव्ही महिनाभर रात्रंदिवस चालू ठेवूनही ती संपत नाही. त्याची काळजी सोडा, जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो तो मात्र धरा.

वीज जात असेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट आहे की ९, आणि किती अँपिअर, हे वाचूनच.

राउटर बसवायला आलेला मुलगा वायर जिथे घरात शिरते तिथेच खिळा ठोकतो. मावशीकडे तो लोखंडी कपाटामागे बसला, आणि नातवाचा क्लास रोज दहा मिनिटांनी गोठू लागला. प्लॅन वाढवायला निघाली होती. आम्ही त्याच मुलाला बोलावून राउटर हॉलच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर घेतला, फायबरची वायर घट्ट न दुमडता. प्लॅन तोच, क्लास नीट. राउटरच्या वायफायचे दोन पट्टे (बँड) असतात: ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीला दमणारा, २.४ हळू पण लांब पोचणारा. लॅपटॉप राउटरच्या खोलीत असेल तर पहिला, मागच्या खोलीत असेल तर दुसरा वापरा.

नेट गेलं आणि एलओएसचा, म्हणजे फायबरमधून सिग्नल येत नाही हे सांगणारा, लाल दिवा लुकलुकत असेल तर राउटर चालू-बंद करून वेळ घालवू नका. बाहेरून फायबरच तुटलंय किंवा वायर निसटलीय, फोन करा.

राउटरच्या सेटिंग्जचा पासवर्ड 'ॲडमिन' ठेवलेला असतो, तो त्याच दिवशी बदला. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. पासवर्ड आडनाव आणि फ्लॅट नंबर नको, तो सोसायटीतल्या सगळ्या पोरांना पाठ असतो.

पायरी ५: भोंगा

चार महिन्यांनी भरदुपारी मावशीचा फोन आला. मागे सायरन वाजत होता. "अरे, हा भोंगा बंद कसा करू? इंग्रजीत म्हणतोय व्हायरस शिरलाय, आणि खाली नंबर दिलाय. लावू का?"

तो व्हायरस नव्हता, पडदाभर पसरलेलं एक वेबपान होतं. अशा वेळी एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, पान लहान झालं की बंद करायचं. तेवढ्याने भागलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. तेही सुचलं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का?' याला नको म्हणायचं. कोपऱ्यात सारख्या येणाऱ्या 'व्हायरस सापडला' चिठ्ठ्या कधीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिल्याने येतात, ती ब्राउझरच्या सेटिंग्जमधून काढून घ्यायची.

तो नंबर लावला असता तर पलीकडच्या गोड आवाजाने एनीडेस्कसारखं, दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप टाकायला सांगितलं असतं, त्यातला कोड विचारला असता आणि मावशीचा माउस त्याच्या हातात गेला असता. घरगुती माणसाचे पैसे व्हायरसने कमी, अशा फोनने जास्त जातात. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून 'डिजिटल अरेस्ट' सांगणारा पोलीस नसतो, तशी अटक भारतीय कायद्यात नाही.

बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडा, फोटो आणि हिशेब उतरवा, आणि काढून ठेवा. जोडलेलीच ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही कुलूप लावतं.

आणि पैसे गेलेच, तर लाजून दोन दिवस गप्प बसायचं नाही. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, मग बँकेला, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ते गोठवले गेले तर परत मिळायची आशा राहते. मावशीने १९३० हा आकडा जाड मार्करने लिहून फ्रीजवर चिकटवलाय, गॅसवाल्याच्या नंबराच्या वर.