ट्रॉली ओढायला पिकअप घेताय? आधी वर्कशॉप बघून या

पावणे एमआयडीसीत आमचं यार्ड आहे. चाकांवरचे एअर कॉम्प्रेसर, वेल्डिंग सेट आणि जनरेटर आम्ही भाड्याने देतो. धंदा वडिलांनी उभा केला, गेली अकरा वर्षं मी सांभाळते. मशीन साइटवर पोचवायचं म्हणजे ट्रॉली पिकअपच्या हुकला लावायची आणि ओढत न्यायची. तळोजा, उरण, घोडबंदर, आणि महिन्यातून एखाद्या वेळी बोरघाट चढून लोणावळा. ओळखीतलं कुणी ना कुणी येऊन विचारतं, "ताई, ओढायच्या कामाला पिकअप घ्यायची आहे, कुठली घेऊ?" मी उलट विचारते, "ती दुरुस्त कुठे होणार, ते बघितलं का?"

हा प्रश्न मला २०२२ च्या जुलैने शिकवला. आमची दोन वर्षांची पिकअप कॉम्प्रेसर घेऊन महापेहून शिळफाट्याचा चढ चढत होती. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोर गेला. आमचे चालक, ज्यांना यार्डात सगळे काका म्हणतात, त्यांनी फोन केला, "ताई, गाडी ओढतच नाहीये, वीसच्या वर जात नाही." वर्कशॉपने तासाभरात निदान केलं: सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरवर, म्हणजे डीपीएफवर, दाब मोजणारा सेन्सर गेला आहे. मुठीत मावेल एवढा भाग. तो भिवंडीच्या गोदामातून यायचा होता. गाडी तेवीस दिवस उभी राहिली. मी रोजाने दुसरी पिकअप लावली, तरी उलव्याच्या साइटवर दोनदा मशीन उशिरा पोचलं आणि ते काम आमच्या हातून गेलं. गाडी वाईट नव्हती. आजही ती चालते आणि चांगली चालते. तिच्यामागे उभं राहणारं कुणी नव्हतं.

म्हणून मी क्रम असा ठेवते: आधी वजन, मग वर्कशॉप, आणि शेवटी गाडी.

वजन अंदाजाने धरू नका. ट्रॉली डिझेल, होज पाइप आणि हत्यारांसकट वजनकाट्यावर न्या. कळंबोलीत आणि तुर्भ्यात काटे आहेत, दहा मिनिटांचं काम आहे. आमचा मोठा कॉम्प्रेसर आम्ही कायम सव्वा टन समजत होतो, काट्यावर तो दीड टनाच्या पुढे निघाला. मग ट्रॉलीच्या दांड्याचं टोक हुकवर किती वजन टाकतं तेही तपासा. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार तिथे आला तर ट्रॉली सरळ धावते. कमी असेल तर मागे डोलायला लागते. जास्त असेल तर पिकअपचं मागचं बूड बसतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं, पावसात तर फारच.

हे आकडे हातात घेऊन गाड्या बघा. इथे नेहमी गल्लत होते. बॉडीत दोन टन माल घेणारी पिकअप मागेही दोन टन ओढते असं नसतं. बॉडीतला माल मुख्यतः पाटे (स्प्रिंग), मागचा एक्सल आणि टायर उचलतात. मागच्या ओढीचा ताण क्लच, गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधली दातेरी चाकं) आणि ब्रेक यांच्यावर येतो. महिंद्राची बोलेरो पिकअप अडीच लिटरच्या इंजिनातून सुमारे २०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, देते, टाटा योद्धाचं २.२ लिटर इंजिन २५०. ईसुझूच्या व्ही-क्रॉसचं १.९ लिटर इंजिन ३६० देतं आणि टोयोटा हायलक्स मॅन्युअलमध्ये ४२०, ऑटोमॅटिकमध्ये ५००. टॉर्क जास्त म्हणजे चढावर अर्धा क्लच कमी, एवढा त्याचा सरळ अर्थ. पण ओढायची मर्यादा ओनर्स मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या पत्रावर लिहिलेली असेल तीच खरी. सेल्समन तोंडी म्हणतो, "मॅडम, तीन टन आरामात", ते वॉरंटीच्या टेबलावर कुणी ऐकत नाही. त्याला म्हणा, हेच ईमेलवर लिहून द्या. अमेरिकेतल्या फोर्ड सुपर ड्यूटी किंवा रॅमच्या साडेसहा-पावणेसात लिटरच्या डिझेल ट्रकचे व्हिडिओ बघून इथल्या पिकअपकडून अपेक्षा धरू नका. ते ट्रक वेगळ्या वजनासाठी बांधलेले आहेत आणि आपल्याकडच्या शोरूममध्ये मिळत नाहीत.

आता वर्कशॉप. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा.

पहिलं म्हणजे योग्य वर्कशॉप शोधा. एकाच कंपनीच्या मोटारींचं आणि मालवाहू गाड्यांचं सर्व्हिसचं जाळं बऱ्याचदा वेगळं असतं. घराजवळच्या चकचकीत सेंटरमध्ये कंपनीचा फलक असतो, पण तुमची पिकअप तिथे घेत नाहीत आणि तुम्हाला दुसऱ्या टोकाला पाठवतात. शोरूममध्ये विचारा, "माझी गाडी नेमकी कुठल्या पत्त्यावर उघडली जाणार?" त्या पत्त्यावर जा.

शनिवारी दुपारी जा. आठवड्याचं काम तेव्हा तुंबलेलं असतं, खरं चित्र दिसतं. मागच्या अंगणात उभ्या गाड्या बघा. काचेवर धुळीचा जाड थर, खाली बसलेला टायर, वायपरखाली जुनं जॉब कार्ड असं दिसलं तर ती गाडी पार्टची वाट बघते आहे. जॉब कार्डावरची तारीख वाचा. अशा दोन-तीन गाड्या कुठेही असतात, त्यात अपघाताच्या विम्यात अडकलेल्याही असतात. पण दहा-बारा असतील तर परत फिरा.

मग फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसा. चालक तिथेच थांबलेले असतात. मालक फोनवर जे ऐकतो त्यापेक्षा यांना खूप जास्त माहीत असतं. "गाडी छान आहे का" असं विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. विचारा, "मागच्या वेळी किती दिवस लागले? त्याच तक्रारीसाठी परत यावं लागलं का?" दुसरी पिकअप घेण्याआधी मी अशाच एका टपरीवर तीन शनिवार बसले. एका चालकाने सांगितलं की इथे स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचता येणारा माणूस एकच आहे आणि तो गावाला गेला की काम थांबतं. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये छापलेलं नव्हतं. आत गेल्यावर मी वर्क्स मॅनेजरना नम्रपणे विचारलं तेव्हा त्यांनीही ते मान्य केलं. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला, पण गाडी मी दुसरीकडून घेतली.

पार्ट्सच्या काउंटरवर एक छोटी यादी घेऊन जा. क्लचप्लेट-प्रेशरप्लेटचा सेट, रिलीज बेअरिंग, डिझेल फिल्टर, डीपीएफचा प्रेशर सेन्सर, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), वॉटर पंप, मागच्या चाकाचं बेअरिंग. ओढायच्या कामात यांचीच गरज पडते. काउंटरवरच्या माणसाला संगणकावर बघून सांगायला सांगा: आत्ता शेल्फवर काय आहे, जे नाही ते किती दिवसांत येईल. सातांपैकी चार-पाच शेल्फवर असतील तर वर्कशॉप चांगलं. रात्री बंद पडलेल्या गाडीसाठीचा नंबर शोरूममध्ये उभे असतानाच लावून बघा आणि कोण उचलतं ते ऐका.

गाडी ठरली की हुकचा प्रश्न येतो. चेसिसला बाहेरून वेल्डिंग करून हुक लावू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं लोखंड कमजोर होतं, आणि पुढे गिअरबॉक्स किंवा मागच्या एक्सलच्या हाउसिंगचा वॉरंटी क्लेम आला की वर्कशॉप पहिलं बोट त्या वेल्डिंगवर ठेवतं. बोल्टने बसणारा हुक घ्या, डीलरकडूनच बसवून घ्या आणि बिलावर त्याची नोंद करायला सांगा. हुकची पिन निसटू नये म्हणून तिला कॉटर (आडवी खीळ) हवी, आणि जोडीला सुटी साखळी हवीच. पिन निसटली तर ट्रॉली धरून ठेवायला तेवढीच असते. कायद्याने ट्रेलरही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याचे कागद, दिवे आणि विमा वेगळे बघावे लागतात. पिकअपच्या पॉलिसीत ट्रॉली लिहून घेतली नसेल तर अपघातानंतर फार मनस्ताप होतो.

आता रोजच्या वापराबद्दल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आलं आणि डिझेल पिकअपची निगा बदलली. जुनी गाडी अर्धा दिवस साइटवर उभ्या उभ्या चालू ठेवली तरी कुरकुरत नसे. नव्या गाडीत डीपीएफ काजळी साठवतो आणि वेळोवेळी ती जाळतो. त्यासाठी आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि ते ठाण्याच्या माजिवड्याला किंवा घोडबंदरला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना मिळत नाही. आमच्या गाड्या पाच-सात किलोमीटरच्या खेपा करायच्या, काजळी जळायला सुरुवात झाली की साइट यायची आणि चावी बंद व्हायची. असं वारंवार झालं की फिल्टर तुंबतो. वर जाळण्यासाठी सोडलेलं डिझेल थोडं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसली तर खूश होऊ नका, लगेच वर्कशॉपला जा.

आम्ही आता आठवड्यातून एकदा प्रत्येक पिकअप रात्री दहानंतर ठाणे-बेलापूर रोडवर मोकळी पळवतो. पन्नास-साठचा वेग, एकसारखा, वीस-पंचवीस मिनिटं. काका म्हणतात, तिला फिरायला नेऊन आणतो. डीपीएफचा दिवा लागला की चावी बंद करायची नाही, शक्य असेल तर रस्त्यावर चालत ठेवायची, हे यार्डाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. फिल्टरमधली काजळी जळत असताना सुक्या गवतावर गाडी उभी करायची नाही, तळोज्याच्या साइटवर उन्हाळ्यात हे जपावं लागतं. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेलं, कमी राखेचंच घ्यायचं. स्वस्त ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती कशानेच जळत नाही. कुणी "डीपीएफ कापून देतो, मॅप मारून देतो" (म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं सेटिंग बदलून देतो) म्हणालं तर ऐकू नका. ते बेकायदा आहे आणि वॉरंटी त्याच दिवशी संपते.

डिझेलमधल्या पाण्याकडेही लक्ष द्या. कॉमन रेलचा, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा, पंप हजार-दीड हजार बारच्या वर दाब तयार करतो आणि त्याच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच असतं. पाणी किंवा कचरा गेला की पंप आतून झिजतो आणि त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोचतो. रॅमने २०१९ आणि २०२० सालचे कमिन्स इंजिनाचे ट्रक अशाच हाय-प्रेशर पंपासाठी परत बोलावले होते आणि पुढच्या मॉडेलला जुन्या धाटणीचा पंप पुन्हा बसवला. एवढ्या मोठ्या ट्रकची ही गत, तर आपण फिल्टरखालचा नळ उघडून दर आठवड्याला पाणी सोडायला काय हरकत आहे? पावसाळ्यात आम्ही ते दर तीन दिवसांनी करतो. साइटवरच्या ड्रमातलं डिझेल पिकअपच्या टाकीत कधीच टाकत नाही. आणि चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यातून गाडी गेली असेल तर मागच्या हाउसिंगचं ऑइल बघून घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे, त्याच दिवशी बदला. उरणकडे खाऱ्या हवेने ट्रॉलीच्या दिव्यांचे प्लग हिरवे पडतात, ते महिन्यातून एकदा घासून ग्रीस लावा.

शेवटी तक्रार कशी मांडायची ते. जॉब कार्डावर "पॉवर कमी" एवढंच लिहू देऊ नका. चालकाला सोबत न्या आणि त्याचेच शब्द लिहायला लावा: "दीड टनाची ट्रॉली मागे, शिळफाट्याचा चढ, तिसरा गिअर, दहा मिनिटांनी दिवा लागतो." किलोमीटर आणि दिव्याचा मोबाइलवर काढलेला फोटो जोडा. बदललेले जुने पार्ट परत मागा. आणि ट्रायलच्या दिवशी ट्रॉली घेऊन जा. दुसऱ्या एका बिघाडात आमची गाडी दोनदा "ओके" म्हणून परत आली होती, कारण वर्कशॉपने ती रिकामी चालवून पाहिली होती. तिसऱ्या वेळी मी कॉम्प्रेसर जोडून गेले आणि फोरमनना शेजारी बसवलं. महापेच्या चढावर दिवा लागला, त्यांनी तो स्वतः पाहिला, स्कॅनर तिथेच लावला आणि संध्याकाळपर्यंत टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागाची) फाटलेली नळी सापडली. तेव्हापासून त्या वर्कशॉपमध्ये आमच्या गाड्यांची ट्रायल ट्रॉलीसकटच होते आणि काकांनी चढावरून परत येऊन मान डोलावल्याशिवाय मी बिलावर सही करत नाही.